हत्तरगे सरांचं खरं मेडिकल

गेल्या एकोणीस वर्षांत मला अकरा वेळा टायफॉइड झाला आहे. दर वेळी तो दसऱ्याच्या आगेमागे होतो आणि सोयाबीन काढून, मळणी होऊन, पोती घरात पडली की बरा होतो. सगळे दाखले शाळेच्या कपाटात आहेत, सही-शिक्क्यानिशी. मी एकटाच असा नाही. आमच्या नांदेडच्या शाळेत एका सरांना मुलीच्या लग्नात मलेरिया झाला, एका बाईंना भावजयीच्या बाळंतपणात कंबरेचं दुखणं लागलं, आणि निवडणुकीची ड्युटी आली की निम्म्या स्टाफला चक्कर येते. याला आम्ही 'मेडिकल टाकणं' म्हणतो. आमचा क्लार्क व्यंकटी अर्ज हातात घेतो आणि हॉटेलात चहा का कॉफी विचारावं तसं 'टायफॉइड लिहू का मलेरिया?' एवढंच विचारतो. हेडसर न वाचता सही करतात, कारण त्यांचंही एखादं मेडिकल त्याच कपाटात असतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी पुष्कळांना बोल लावणार आहे, आणि मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नाही. माझं नाव वैजनाथ पवळे, गाव लोह्याजवळ, शिकवतो इतिहास. ज्यांच्याविषयी लिहितोय ते विरूपाक्ष हत्तरगे आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. अकरा वर्षं आमचे वर्ग शेजारी शेजारी होते, मध्ये फक्त एक भिंत, आणि ती भिंतही अशी की त्यांचा धडा माझ्या पोरांना पाठ व्हायचा.

सर मूळचे निलंगा तालुक्यातले. घर लातूरला, बायको उमादेवी तिथं टपाल खात्यात. सर नांदेडला रुजू झाले तेव्हा त्यांची स्वप्नाली दीड वर्षाची होती. सरांनी विष्णुपुरीला एक खोली केली आणि मग सगळं आयुष्यच शनिवारच्या सकाळच्या शाळेभोवती बांधून घेतलं. शाळा सुटली की लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरची बस. सोमवारी पहाटेच्या बसने परत. बस बिघडली, रस्ता अडला, परीक्षेचं काम निघालं, की तो रविवारही गेला. 'लेकीला मी रविवारचा बाप हाय,' असं ते हसत सांगायचे. पुढे पुढे सांगायचे, पण हसायचे नाहीत.

माणूस सरळ. इतका सरळ की शाळेत त्याची अडचण व्हायची. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आमच्यासारख्या संस्थेत शिक्षकाने शिकवणं हे दुय्यम काम आहे. पहिलं काम पोरं आणणं. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर अतिरिक्त ठरतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात, डोकं तापवणाऱ्या उन्हात, आम्ही बी.एड. झालेली माणसं खेड्याखेड्यांत फिरतो आणि आईबापांच्या विनवण्या करतो. पोरगं द्या, वह्या देतो, ऑटो लावून देतो, सायकलही बघू. माणशी वीस पोरांचं टार्गेट. हत्तरगे सर माझ्याबरोबर एका गावात आले होते. तिथल्या एका बापाने विचारलं, 'आमच्या गावच्या शाळेत काय खराबी हाय सर?' सरांनी ती शाळा बघितली होती. ते म्हणाले, 'काहीच न्हाई. तिथले मास्तर चांगले हायत. तिथंच ठेवा.' मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या वर्षी सरांनी चार पोरं आणली. जूनच्या बैठकीत अध्यक्षांनी प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचला आणि ज्यांचे आकडे कमी त्यांना उभं केलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पोरांसारखा उभा, पाऊण तास. आम्ही बाकीचे खाली बघत बसलो. नंतर शिक्षा म्हणून म्हणा किंवा सोय म्हणून म्हणा, पोषण आहार, मतदार यादी, पोरांची आधार कार्डं जुळवणं, सगळं लचांड सरांच्या गळ्यात पडलं. ते नाही म्हणाले नाहीत. गरीब गाय आणि पोटात पाय म्हणतात, पण असली माणसं तशी नसतात; त्यांच्या पोटात खरंच काही नसतं, म्हणून तर ती मोडतात.

सर मोडले ते दोन वर्षांनी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मी आठवीला शिकवत होतो. दारात नववीची मॉनिटर पुनम येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, 'सर, हत्तरगे सर बोलूनच न्हाई राहिले.' जाऊन बघतो तर सर फळ्याकडे तोंड करून उभे. धड्याचं नाव लिहिलेलं, त्याखाली एक शब्द, आणि खडू तिथंच टेकलेला. पुनम म्हणाली, वीस मिनिटं झाली. पोरं अजिबात हसत नव्हती. नववीची पोरं, जी देवाच्या आरतीतही हसतात, ती हाताची घडी घालून गप्प बसली होती. मी सरांचा कोपर धरला. भर थंडीत शर्ट घामाने भिजला होता. ते म्हणाले, 'पवळे सर, पुढचा शब्द सापडंना.'

आधी आम्ही छातीच्या डॉक्टरकडे गेलो. ईसीजीची पट्टी काढली, काही नाही निघालं. त्या डॉक्टरांनीच मानसोपचारवाल्या डॉक्टर बाईंचं नाव दिलं. माझ्याच गाडीवर नेलं मी सरांना. बाई चाळीस मिनिटं बोलल्या त्यांच्याशी. बाहेर आले तेव्हा सरांच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती आणि एक दाखला, स्वच्छ मराठीत लिहिलेला: कामाच्या ताणामुळे तीव्र चिंता आणि नैराश्य, सहा आठवडे पूर्ण विश्रांती.

दुसऱ्या दिवशी सर तो दाखला अर्जाला जोडून घेऊन आले. व्यंकटीने तो वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

'सर, हे काय आणलं? असलं कपाटात ठेवता येत न्हाई.'

'का? खरं हाय ते.'

'म्हणून तर म्हणलो.'

हेडसरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त शांततेत निवृत्त व्हायचं आहे. म्हणाले, 'हत्तरगे, माझं ऐका. पवळे उद्या लोह्याहून कागद आणून देतील. टायफॉइड. सहा आठवडे घ्या, आठ घ्या, कोण विचारायलंय. ह्या कागदानं तुमच्या सर्व्हिस बुकाला डाग लागंल.'

'पण मला टायफॉइड झालेला नाही, सर.'

'कोणाला होतो? ह्या पवळेला कधी झाला?'

मी हसलो. व्यंकटी हसला. हत्तरगे सर हसले नाहीत. ते म्हणाले, 'डॉक्टर बाईंनी विचारलं मला, पाय मोडला असता तर लपवला असता का? मी न्हाई म्हणलो. मग आता कसं लपवू?'

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. एवढी सोय करून देतोय आणि हा माणूस तत्त्वज्ञान सांगतोय. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण खऱ्या माणसाला कोणत्या शब्दाचा मार हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दाखला जसाच्या तसा लागला. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळलं की हत्तरगे सरांना येड लागलं. अध्यक्षांनी बैठकीत विचारलं, 'मास्तराचं डोकं फिरलं असंल तर लोकांची लेकरं त्याच्या हवाली कशी करायची?' माझ्या खोट्या टायफॉइडला शाळेतून शहाळी यायची. सरांच्या खऱ्या आजाराला कोणी फिरकलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा कोणी दोन हात जोडले नाहीत.

मी जायचो अधूनमधून विष्णुपुरीला. उमावहिनी रजा काढून पंधरा दिवस येऊन राहिल्या होत्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि सरांना वेळेवर गोळ्या. संध्याकाळी दोघं धरणाच्या बाजूला फिरायला जायची. पहिले दोन आठवडे सर नुसते झोपले. तिसऱ्या आठवड्यात पेपर वाचायला लागले. पाचव्या आठवड्यात मी गेलो तर दारातच हसत उभे, हातात पाकीट. लातूरच्या एका संस्थेचा नियुक्ती आदेश आला होता.

ही लातूरची गोष्ट आधीपासून चालू होती. सरांनी भरतीची परीक्षा दिली होती, मार्क चांगले पडले होते, डिसेंबरात मुलाखत आणि वर्गपाठ झाला होता. यादीत नाव लागलं होतं. आता आदेश हातात होता: विज्ञान शिक्षक, माध्यमिक विभाग, पंधरा जूनपर्यंत रुजू व्हावे. सरांनी तो मला तीनदा वाचून दाखवला. म्हणाले, 'घरापासून दोन किलोमीटर, पवळे सर. घरून डबा घेऊन जायचं. संध्याकाळी घरी. रोज.' त्या दिवशी लातूरहून आलेल्या वहिनी आत भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या. स्वप्नालीच्या दहावीला अजून तीन वर्षं होती. ती तीन वर्षं तरी आपल्याला मिळावीत, एवढंच सरांचं मागणं होतं. त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

पण नवीन ठिकाणी जायचं तर जुन्या शाळेने सोडलं पाहिजे, आणि इथून तमाशा सुरू झाला. संस्था म्हणाली, रजेवरच्या माणसाला सोडता येत नाही, आधी हजर व्हा. हजर व्हायला गेले तर म्हणाली, बरे झाल्याचा दाखला आणा. डॉक्टर बाईंचा दाखला आणला तर म्हणाली, असल्या आजाराला खासगी दाखला चालत नाही, सरकारी वैद्यकीय मंडळाचा पाहिजे. माझे अकरा टायफॉइड बरे झाल्याचा दाखला आजवर कोणी मागितला नाही. मंडळ ठरलेल्या वारी बसायचं. पहिल्या वेळी एक डॉक्टर नव्हते. दुसऱ्या वेळी शाळेच्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता, तो व्यंकटीने मुद्दाम घातला नव्हता की विसरला होता ते त्याचं त्याला माहीत. तिसऱ्या वेळी सरांना चार तास बाकावर बसवून 'रात्री झोप येते का' एवढं विचारलं आणि दाखला दिला. तोवर मे उजाडला होता. सर म्हणाले, 'आजारी पडलो तेव्हा एवढी तकलीफ झाली न्हाई. बरा झालो हे पटवून देताना पुन्हा आजारी पडायची पाळी आली.' गोळ्यांचं प्रमाण बाईंनी पुन्हा वाढवलं होतं, हे मला वहिनींनी सांगितलं.

याच धावपळीत सर एकदा लातूरच्या संस्थेच्या सचिवांना भेटून आले. चंद्रप्पा अण्णा त्यांचं नाव. मार्केट यार्डात आडत दुकान, समाजात वजन, शाळा म्हणजे जीव की प्राण. भेटून आल्यावर सर मला म्हणाले, 'अण्णा या म्हणाले. उशीर झाला तरी पंधरा तारखेपर्यंत जागा कुठं जात न्हाई म्हणाले.' मला बरं वाटलं. भेटीत आणखी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिथंच चुकलो. अकरा वर्षं भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाचा स्वभाव मला माहीत होता, तरी विचारलं नाही.

आमच्याकडे सोयरीक ठरवताना एक रीत आहे. मुलाकडचे कितीही चांगलं सांगू देत, मुलीचा बाप गुपचूप त्या गावातल्या तिसऱ्याच माणसाला गाठतो आणि चहा पिता पिता विचारतो, पोरगं कसं हाय. संस्थांचंही तसंच. कागदपत्रं काय, कोणाचीही चांगलीच असतात. मास्तर घ्यायचा तर त्याच्या शेजारी बसणाऱ्या मास्तराला फोन करायचा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी लोह्याच्या स्टँडसमोर, पत्र्याच्या हॉटेलात बसलो होतो. मांडीवर प्रवेशाचे अर्ज, वीसपैकी अकरा पोरं झालेली, अंगाची लाही लाही. फोन वाजला. 'पवळे सर का? मी लातूरहून चंद्रप्पा बोलतो, हत्तरगे सरांच्या बाबतीत.' बोलायला माणूस गोड. पीकपाणी विचारलं, पाऊस कधी म्हणतात ते विचारलं. मग हळूच म्हणाले, 'सर कसे हायत माणूस म्हणून?'

मी म्हणालो, 'सोनं हाय, अण्णा. अशी माणसं आता होत न्हाईत.'

'त्ये दिसलंच. पण मधी तीन महिने घरी होते म्हणं. काय झालं होतं?'

मी क्षणभरही थांबलो नाही. थांबलो असतो तर कदाचित सुचलं असतं. पण एकोणीस वर्षांची सवय. डोक्यात एकच विचार आला, की सरांचं लातूर वाचवायचं, आणि जीभ आपोआप चालली. टायफॉइड म्हणणार होतो, पण टायफॉइडला तीन महिने कोण घरी बसतं? म्हणून म्हणालो, 'कावीळ झाली होती हो. लई जोराची. डोळे हळदीसारखे पिवळे. नुसता उसाचा रस अन् पथ्य. आता एकदम ठणठणीत हायत.'

मग अण्णा म्हणाले, 'असं का. बरं बरं,' आणि फोन ठेवला. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं की अण्णांचा फोन आला होता, तुमच्याबद्दल लई चांगलं सांगितलंय. सर म्हणाले, 'तुमचे उपकार कसे फेडू, पवळे सर?'

सहा जूनला आमच्या संस्थेने सरांचा राजीनामा मंजूर करून त्यांना कार्यमुक्त केलं. निरोपाला समोसे आणले होते. सर खोली रिकामी करून, दोन पेट्या आणि एक गादी बसच्या टपावर टाकून लातूरला गेले. दहा तारखेला आमच्या शाळेत सरांच्या जागेवर अध्यक्षांचा भाचा रुजू झाला. आणि अकरा तारखेला सरांच्या घरी लातूरच्या संस्थेचं पत्र आलं: कागदपत्रांची पूर्तता समाधानकारक नसल्याने आपल्या नियुक्तीचा विचार करता येत नाही.

अकरा वर्षं इमानाने नोकरी केलेला माणूस पाच दिवसांत ना इथला राहिला ना तिथला. वकिलाने अपील करा म्हणून सांगितलं. वकील सांगणारच, तोवर स्वप्नाली कॉलेजात गेली असती. सर रोज अण्णांच्या दुकानावर जात होते, अण्णा भेटत नव्हते. शेवटी त्यांनी मला फोन केला. 'पवळे सर, काहीतरी गैरसमज झालाय. तुमची अन् अण्णांची ओळख झालीय, तुम्ही चांगलंच सांगितलं होतं. एकदा येऊन बोलता का त्यांच्याशी?' आवाज शांत होता. फार शांत. मला ती नववीची पोरं आठवली आणि मी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

मला अण्णा भेटले. दुकानात गादीवर बसले होते, कपाळाला विभूती, पुढ्यात हरभऱ्याचे नमुने. चहा सांगितला. मी विषय काढला तसा त्यांनी मुकाट्याने एक फाईल ओढली आणि त्यातले दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक डॉक्टर बाईंचा दाखला. दुसरा सरांच्या हस्ताक्षरातला अर्ज. त्यात सगळं होतं: फळ्यापुढे उभं राहणं, गोळ्या, रजा, मंडळाचा दाखला. खाली लिहिलं होतं, 'आपल्यापासून काही लपवून मी आपल्या शाळेत येऊ इच्छित नाही.'

'हे त्यांनी स्वतः आणून दिलं,' अण्णा म्हणाले. 'वाचलं, अन् मी म्हणलो, या. टेन्शन आजकाल कोणाला न्हाई? घरी ऱ्हायलात, लेकराबाळांत आलात, की उतरंल. मला माणूस आवडला होता. मग रीत म्हणून तुम्हाला फोन लावला.'

माझा चहा हातातच राहिला.

'तुम्ही म्हणलात कावीळ. डोळे पिवळे म्हणलात. उसाचा रस म्हणलात.' ते बोटांवर मोजत सांगत होते. 'सर, माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. चार वर्षं तो मरत होता अन् चार वर्षं आमचं घर लोकांना कावीळच सांगत होतं. मीच सांगत होतो. तवा कावीळ म्हणलं की मला बाकीचं सांगावं लागत न्हाई.'

'अण्णा, सर सुपारीसुद्धा खात न्हाईत.'

'मग कावीळ कशाची?'

'कशाचीच न्हाई. मी खोटं बोललो. तो कागद खरा हाय.'

अण्णांनी दाणा दाताखाली फोडून बघावा तसं माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'कागद कसाबी बनतो, सर. मराठवाड्यात मेडिकल कसं निघतं हे मला शिकवू नका. पण शेजारी बसणारा माणूस बेसावध असताना बोलतो, त्ये खरं असतं, असं मी आजवर धरून चाललो. आता तुम्ही म्हणताय त्येच खोटं. मग मी धरू काय?'

ते पुढे म्हणाले, 'एक मार्ग हाय. जागा अजून भरली न्हाई. लिहून द्या. फोनवर खोटं सांगितलं, सरांना कावीळ कधीच न्हवती, असं. अन् का खोटं सांगितलं त्येबी लिहा, न्हाईतर संचालक मंडळ म्हणंल मास्तर मास्तराला सांभाळून घेतोय. मी आजच बैठक लावतो, तुमचा कागद फाईलला लावून शिक्षण खात्याला पाठवतो, तारीख टळली तरी सर परवा रुजू होतील.' त्यांनी दुकानाचाच एक कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

मी लिहायला घेतलं. नाव लिहिलं, शाळा लिहिली. फोनची तारीख लिहिली. कावीळ नव्हती, हेही लिहिलं. मग 'का' पाशी आलो. आमच्या शाळेत आजारपणाचं खोटं कारण सांगायची रीत आहे, म्हणून सवयीने बोललो. एवढं एक वाक्य. पण हा कागद शिक्षण खात्यात जाणार. तिथं कोणीतरी रिकामटेकडा विचारणार, रीत म्हणजे? कोणाची रीत? आणि मग ते कपाट उघडणार. अकरा टायफॉइड, एकाच डॉक्टरचे, एकाच महिन्यातले. चौकशी, वसुली, निलंबन. माझी लेक वर्षाराणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. हेडसर, व्यंकटी, सगळे माझ्या नावाने बोटं मोडणार. पाच मिनिटांत एवढं सगळं मनात येऊन गेलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसंच झालं असेल. कदाचित कोणी काही विचारलंही नसतं.

मी पेनाला टोपण लावलं. म्हणालो, 'अण्णा, घरी विचारतो अन् उद्या देतो.'

अण्णांनी अर्धवट लिहिलेला कागद उचलला, घडी घातली आणि गादीखाली ठेवला. अजिबात न रागावता म्हणाले, 'खरं बोलायला घरी विचारावं लागतं व्हय, सर?'

उद्या मी काही दिलं नाही. परवाही नाही. जुलैत ती जागा दुसऱ्याने भरली. सर आता लातूरच्याच एका क्लासमध्ये बसतात, दुसऱ्यांनी शिकवलेल्या धड्यांतल्या पोरांच्या शंका सोडवायला. सकाळी सहाला जातात आणि रात्री दहाला घरी येतात, म्हणजे लेक उठायच्या आत आणि झोपल्यावर. रविवारी क्लासची परीक्षा असते. पूर्वी निदान रविवार होता.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं. दुकानातून मी सरांच्या घरी गेलो. वहिनींनी जेवायला थांबवलं. सर माझी वाट बघत बाहेरच्या खोलीत बसले होते, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, जणू अण्णा हो म्हणाले तर तसंच निघायचं होतं. त्यांनी विचारलं, 'काय म्हणाले?'

दुकानापासून त्यांच्या घरापर्यंत येताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं.

'त्यांच्या हातात काही राहिलं न्हाई, सर,' मी म्हणालो. 'वरूनच आलंय सगळं.'

ताटं आली. दोन घास खाल्ल्यावर सर म्हणाले, 'वरच्यांनी माझा कागद वाचला असंल. येडा मास्तर कोणाला पाहिजे? हेडसर सांगत होते, तुम्ही सांगत होता, मी ऐकलं न्हाई. खरं लिहून दिलं, तिथंच माझं चुकलं.'

वहिनी भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'चार दिवस झाले, हेच घोकून राहिलेत. मी सांगते, तुमचं काही चुकलं न्हाई, तर माझं ऐकनात. तुमचं ऐकतील ते, भाऊजी. तुम्ही तरी सांगा.'

सर माझ्याकडे बघत होते. स्वप्नालीही जेवायची थांबून बघत होती. त्यांना फक्त एक शब्द पाहिजे होता, आणि तो एकटा मीच देऊ शकत होतो. पण चुकलं नाही म्हणावं, तर मग चुकलं कोणाचं, हे विचारलं गेलं असतं.

'हाव सर,' मी म्हणालो. 'तिथंच चुकलं.'

सरांनी मान हलवली, आणि वहिनींना माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितलं.